दादाची दारं

३ फेब्रुवारी

वहिनींनी आज गॅरेजची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय." दादाने सांगितलं म्हणजे आधी किल्लीकडे बोट दाखवलं, मग छताकडे. त्याचं छत ती माझी जमीन. मी वरच्या मजल्यावर राहतो.

गेल्या वर्षीच्या आजारात दादाचा उजवा हात गेला आणि त्याबरोबर बहुतेक शब्द. 'बरं' राहिला, 'नाही' राहिला. 'च्यायला' मात्र ठणठणीत आहे. वहिनी म्हणतात, एवढा एक शब्द आजाराच्या तावडीतून निसटला.

गाडी चादरीखाली होती. दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची. आम्ही लहान असताना अशी गाडी गल्लीतून गेली की खेळ थांबायचा. दादाने ही भंगारातून आणली तेव्हा त्याचे केस काळे होते. जन्मभर त्याने लोकांच्या गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ केले आणि उरलेला वेळ हिला दिला. दारं तर मूळची नव्हतीच. ती त्याने कोऱ्या पत्र्यातून हातोडीने घडवली. डावं दार बसवलं आणि त्याच आठवड्यात तो पडला. त्याच्या उजव्या हाताचं ते शेवटचं काम.

राहिलंय ते खालचं. चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा, मजबूत करायची, मग रंग. मी वेल्डिंगचा वर्ग केला आहे. दादा पडल्यानंतर केला. का, ते वहिनींनी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी गाडीखाली शिरून पाहिलं. गंज वरवरचा आहे. पण गाडी जन्मापासूनच सैल. छप्पर नाही, म्हणून सगळा भार खालच्या दोन लांब पट्ट्यांवर, आणि त्या पन्हळीसारख्या, एका बाजूने उघड्या. खड्ड्यातून गेली की अंग पिळते. दादाने एकदा मला हे काड्यापेटीवर दाखवलं होतं. आतला खण नुसता घेतला तर बोटांनी पिळता येतो. वरचं कवच चढवलं की येत नाही. पन्हळीच्या उघड्या बाजूला पोलादी पट्टी जोडायची आणि तिची पेटी करायची. कवच चढवायचं, एवढंच.

दादा शटरपाशी खुर्ची टाकून बसला होता. मी गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या सोडवायला लागलो तशी त्याने काठी आपटली.

"नाही."

"अरे, ठिणग्या उडतील. तुझ्याच दारांसाठी काढतोय."

"नाही."

"एक डाग पडला तर तूच मला फाडून खाशील."

तो पुष्कळ वेळ दारांकडे पाहत राहिला. मग "बरं" म्हणाला, पण रस्त्याकडे बघून.

दोन्ही दारं घोंगडीत गुंडाळून माझ्या खोलीत आणून ठेवली आहेत. त्याचा जीव त्या दारांत आहे, हे मला कळतं.

१६ फेब्रुवारी

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. दोन घोड्या अगदी पुढच्या टोकाखाली, दोन अगदी मागच्या. मधे आडवं पडून कोपर हलवायला ऐसपैस जागा झाली. इंजिन तसंच राहू दिलं, एकट्याने निघालं नसतं. रिकाम्या गाडीचा तळ फार सोयीचा निघाला. कापून आणलेल्या पट्ट्या, हत्यारांची पेटी, काढून ठेवलेला गिअरबॉक्स, सगळं तिथेच मांडलं. उठून बसलं की हाताशी. दादा सामान भिंतीशी ठेवायचा आणि दर वेळी उठून जायचा. ही साधी युक्ती त्याला कशी सुचली नाही कोण जाणे.

दुपारी पट्टीचा पहिला तुकडा लावून पाहिला. बेमालूम बसला.

लिहू नये, पण लिहितो. दादा खुर्चीत आणि काम माझ्या हातात, असं आजवर कधी झालं नव्हतं. बरं वाटतं.

२१ फेब्रुवारी

वेल्डिंग सुरू केलं. उजवी बाजू निम्मी झाली.

दादा आज खुर्चीत बसेना. काठीने तळातल्या सामानाकडे दाखवत होता. मी म्हटलं, "आवरतो रे संध्याकाळी." पसारा त्याला कधीच खपला नाही. त्याने परत दाखवलं, मग पुढे येऊन काठीने घोडीवर ठोकलं, मग मागच्या घोडीवर. तोंड लाल झालेलं. ओठ जुळवून काहीतरी आणायचा प्रयत्न करत होता. शेवटी "च्यायला" आलं. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

मग त्याने आत वाकून एका हाताने गिअरबॉक्स उचलायला घेतला. तो पडेल म्हणून मी घाबरलो. वहिनींना हाक मारली. "वहिनी, ह्याला आत न्या. दमलाय." त्याच्या डोक्यावरून बोललो, लहान मुलाच्या बाबतीत बोलतात तसं. वहिनींनी त्याचा हात धरला. जाता जाता तो मागे वळून माझ्याकडे बघत होता.

मी मुखवटा खाली ओढला. त्याच्या काचेतून फक्त ठिणगीएवढा उजेड दिसतो. बाकी काही दिसत नाही. मला ते आवडायला लागलंय.

२ मार्च

काम झालं. दोन्ही बाजू. सामान उतरवलं, गाडी चाकांवर घेतली, एक कोपरा जॅकने उचलला. पूर्वी एक चाक उचललं तर बाकीची गाडी मागे राहायची. आज दुसऱ्या बाजूचं चाकही लगेच हललं. पट्टीवर हातोडी मारली तर घंटेसारखा आवाज आला.

वहिनींना बोलावून ऐकवला. "छान आहे," म्हणाल्या. दादाने लांबूनच ऐकला. मी त्याला आत न्यायला लावलं त्या दिवसापासून तो शटरच्या आत येत नाही, उंबऱ्यावर बसतो.

६ मार्च

आज दारं खाली नेली. घोंगडी सोडताना दादा उठून जवळ आला. बऱ्याच दिवसांनी आला.

उजवं दार बिजागरीत अडकवलं आणि ढकललं. खालून बसलं. वरचा मागचा कोपरा गाडीच्या खांबाला टेकला आणि थांबला. मी परत उघडून ढकललं. तसंच. डावं लावलं. तेही तिथेच अडलं.

दादाने मला बाजूला केलं. डाव्या हाताने दार लोटलं. मग अंगठ्याचं नख फटीतून खालून वर फिरवलं. खाली नख सहज जात होतं. वर केसाला जागा नव्हती.

तो दाराकडे बघत उभा राहिला. मग डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मी," म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चुकलं."

वहिनी शटरपाशी होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत का भाऊजी? दोन शब्द. एकापुढे एक."

मी म्हणालो, "ऐकलं."



७ मार्च

घरी कोणी नसताना चासीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली. टोकांना दोरी लोखंडाला चिकटून. मधे दोरी आणि लोखंड यांत पेन्सिल सरकेल एवढं अंतर.

घोड्या टोकांना होत्या. मधे गिअरबॉक्स, पेटी, पट्ट्या. गाडी झोळीसारखी खाली वाकली होती आणि मी तिला वाकलेली असतानाच पेटीबंद केली. दारं जागेवर असती तर पहिल्या दिवशीच वरची फट मिटताना दिसली असती. म्हणून तो नाही म्हणत होता. दारं हे त्याचं माप होतं. आणि गिअरबॉक्स तो पसारा म्हणून उचलत नव्हता.

तीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. फळ्यावर काढलेली रेघ काही ठेवलं म्हणून वाकत नाही.

दोन्ही दारं एकाच जागी, एकाच मापाने कशी चुकतील? हे दादाला दिसायला हवं होतं. पूर्वीच्या दादाला दिसलं असतं.

उद्या सांगेन.

११ मार्च

सांगितलं नाही. परवा पाहुणे होते. काल तो झोपला होता. आज त्याच्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या होत्या.

वहिनींनी त्यांना दारांचं सांगितलं. बाई चांगल्या आहेत, मऊ बोलतात. म्हणाल्या, "असं होतं कधीकधी. आजार दिसायला लागतो त्याच्या आधीच हातात उतरलेला असतो. माणसाला वाटतं हात नेहमीसारखा चाललाय." दादा ऐकत होता. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यासमोर सगळं बोलतात.

"तुम्हाला तेव्हा काही जाणवलं होतं का?" बाईंनी मला विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, नुसती हलवली. अशी मान हलवणं खोटं बोलण्यात धरतात का, याचा विचार जिना चढताना केला. वर पोचलो तेव्हा चहा निवला होता, तो गरम करत बसलो.

सांगायचं म्हणजे नुसतं सांगून भागत नाही. वेल्डिंगचे सगळे टाके कापायला लागतील. एवढ्या दिवसांचं काम. आणि तो म्हणेल... तो काय म्हणणार म्हणा.

१५ मार्च

वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. चिमटा तोंडात धरून बोलत होत्या.

"भाऊजी, ह्यांनी डावं दार बसवलं ना, त्या दिवशी मला आत बसवलं होतं. नव्या नवरीसारखं. हात देऊन."

"असं?"

"दार लावलं तर टक् झालं. मी म्हटलं, परत उघडा. परत टक्. किती वेळा उघडायला लावलं मी. हे वैतागले. म्हणाले, खेळणं आहे का."

एक चादर झटकून त्यांनी दोरीवर टाकली.

"तेव्हा लागत होतं," म्हणाल्या.

मी म्हणालो, "हवेने फरक पडतो पत्र्यात. थंडी, ऊन."

वहिनींनी तोंडातला चिमटा काढला. "पत्र्यात?"

"हो. थोडासा."

"बरं," म्हणाल्या. अगदी दादासारखं म्हणाल्या.

त्यांचं समाधान झालं असावं. पत्र्याच्या कामातलं त्यांना काय कळणार.

१९ मार्च

सोपा उपाय एकच होता. दारांचे वरचे कोपरे घासायचे. चासीला हात लावायला नको.

दादाला विचारलं. न विचारता करणं बरं दिसलं नसतं. "दादा, वरचा कोपरा थोडा घासू का? दोन्हीचा."

तो खिडकीकडे बघत होता. "बरं."

मग तो उठला, खालच्या खोलीतल्या त्याच्या खणाशी गेला, डाव्या हाताने आत चाचपत राहिला आणि एक कानस काढून माझ्या हातात दिली. अर्धगोल, बारीक दात्याची. मी घेतली असती ती जाडी होती, तिने ओरखडे पडले असते.

त्याने स्वतः निवडून दिली.

२० मार्च

दारांच्या कडेला दादाने बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून ठोकला आहे. डोळ्यांना कड सरळ दिसते, पण बोट फिरवलं की हातोडीचे घाव लागतात, माशाच्या खवल्यांसारखे, एकापाठोपाठ एक, सारख्या अंतराने. वरच्या कोपऱ्यात कानस त्या दुमडीपलीकडे गेली. दोन्ही पत्रे सुटे झाले. वेल्डिंगचा डाग देऊन जोडले, गुळगुळीत केले.

दारं लागतात.

२८ मार्च

रंगवाला गाडी बघायला आला. वीस-एक वर्षं दादाच्या शेजारी त्याचं दुकान होतं, दादा पत्रा करायचा आणि हा रंग. गाडीभोवती फिरला, खिशातून जुनं कार्ड काढून दाराच्या फटीतून सगळीकडून फिरवलं.

"वा मास्तर. कार्ड कुठे अडत नाही. दारं कोणी बसवली?"

"दारं दादाची," मी म्हणालो.

"ते दिसतंयच. बसवली कोणी?"

"मी."

तो दादाकडे वळून मोठ्याने बोलला. सगळेच बोलतात तसं, जसं काही त्याचे कान गेलेत. "काका, भाऊ तुमच्या वरताण निघाला हो. आता आमची दुकानं बंद."

दादा हसला. त्याचं आता अर्धंच तोंड हसतं.

वहिनी दादाला म्हणाल्या, बसा की आत. मी त्याला हात देऊन बसवलं. त्याने दार ओढून लावलं. टक् झालं. मग त्याचा अंगठा दाराच्या कडेवरून हळूहळू वर गेला, एकेका घावावरून. वरच्या कोपऱ्यापाशी थांबला. तिथे गुळगुळीत आहे. अंगठा तिथेच राहिला.

मी खाली वाकून टायरची हवा पाहत होतो. हवा व्यवस्थित होती.

"लागलं," वहिनी म्हणाल्या. "लागलं ना दार?"

दादा म्हणाला, "बरं."

५ एप्रिल

व्यायामाच्या बाई आज वर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, दोन आठवडे झाले, ते मूठ उघडायला तयार नाहीत. आधी बोटं थोडी हलायला लागली होती. घरात काही झालं का?

मी म्हणालो, "विशेष काही नाही."

खाली गेलो. दादा गॅरेजसमोर उन्हात बसला होता, उजवा हात कोटाच्या खिशात. तो हात त्याने स्वतःच डाव्या हाताने उचलून खिशात ठेवलेला असणार. मी तो बाहेर काढला आणि रबरी चेंडू तळव्यावर ठेवला. "दाब बघू." त्याने दाबला नाही. चेंडू पडला, घरंगळत गाडीखाली गेला.

आम्ही दोघेही बघत राहिलो. आणायला कोणी उठलं नाही.

वहिनी सांगत होत्या, आता ते पाणी प्यायचं भांडंही हातात द्यायला लावतात. समोर ठेवलेलं असतं तरी. म्हणतात, नको. मी काही करायला गेलो की चुकतं, असं त्यांच्या डोक्यात बसलंय.

"म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणत नाहीत. पण मला कळतं ना भाऊजी. इतकी वर्षं काय मी शब्द ऐकून संसार केला?"

१२ एप्रिल

रंगवाला रंगाचे नमुने घेऊन आला होता. लाल तीन आणि एक हिरवा. आम्ही पत्र्याचे तुकडे उन्हात धरून बघत होतो. दादाने काठीने वहिनींना खूण केली. त्या आत गेल्या आणि चामड्याची गुंडाळी घेऊन आल्या. ती गुंडाळी मला लहानपणापासून हात लावायला बंदी होती. आत सात-आठ हातोड्या, दांडे धरून धरून काळे झालेले, प्रत्येक दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा.

दादाने ती रंगवाल्याच्या मांडीवर ठेवली.

"काका, हे काय? मला कशाला?"

दादाने हाताने 'ने' अशी खूण केली.

"अहो, पण तुमचा हात सुधारतोय म्हणत होत्या काकू."

"नाही," दादा म्हणाला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर, सरळ आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

दुसऱ्याचं उत्तर उतरवून आणलेल्या मुलाला मी फळ्यापाशी बोलावत असे आणि थांबत असे. मला कळलेलं असायचं. त्याने सांगेपर्यंत थांबायचं असायचं. वहिनी तशा थांबल्या होत्या. चादर वाळत घालतानाही त्या तशाच थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "त्याची इच्छा असेल तर..."

त्या आत गेल्या. रंगवाला गुंडाळी काखेत मारून, पाया पडावं की नाही अशा अवघडल्या चेहऱ्याने निघाला. मी लाल रंगाचा तुकडा हातात धरून उभा. दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक, काम संपल्यावर ठेवतात तसे.

रंगवाल्याला मी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाठलं. धावायची सवय नाही, बोलायला दम नव्हता. हात पुढे केला.

"मास्तर, मी मागितलं नव्हतं हं."

"माहीत आहे. दे."

"काकांनी स्वतःच..."

"दे रे."

गुंडाळी आता माझ्या टेबलावर आहे, जिथे दारं ठेवली होती तिथे. उघडलेली नाही.

१३ एप्रिल

सकाळी खाली जाऊन त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "दादा, तुझी दारं बरोबर होती. माझी चासी चुकली."

त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "बरं," म्हणाला.

त्याला वाटलं मी समजूत घालतोय. वर्षभर सगळे त्याची समजूतच घालत आलेत. मी परत सांगितलं, घोड्यांचं, गिअरबॉक्सचं, दोरीचं. तो मान डोलावत राहिला, शहाण्या मुलासारखी. खरं सांगायला इतका उशीर केला की ते खोट्यासारखं ऐकू येत होतं.

त्याला उठवलं, गॅरेजमध्ये खुर्ची नेली, शटर वर केलं. गाडी रिकामी होती. घोड्या या वेळी चाकांजवळ लावल्या, जिथे तो लावतो. दारं जागेवर राहू दिली. ग्राइंडर घेऊन खाली शिरलो आणि उजव्या बाजूची पट्टी मधोमध कापायला लागलो. माझा सगळ्यात चांगला टाका तिथेच होता.

पट्टी संपत आली तेव्हा चकतीला एकदम चिमटा बसला. हातातून ग्राइंडर हिसकला आणि थांबला. काप खालून मिटला होता, वरून उघडला होता. लोखंड कण्हल्यासारखं वाजलं. दुसरीकडे कापलं, तिथेही तसंच. मग डावी बाजू.

बाहेर आलो तेव्हा दादा खुर्चीवरून उठलेला होता. दाराशी उभा होता. फट वरून उघडली होती. खाली नखाएवढी, आणि वर, मी घासलेल्या कोपऱ्यात, त्याचा अंगठा आरपार गेला.

त्याने अंगठा बाहेर काढून पाहिला. परत घातला. मग वाकला, डावा हात गाडीला टेकून, पार खालपर्यंत, आणि कापाकडे पाहिलं. वरून उघडलेला, खालून मिटलेला. त्याला दोरी लागली नाही.

उठायला वेळ लागला. मी हात दिला, तो त्याने घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो. एक शिवी मला पुरली असती आणि तेवढा शब्द तर त्याच्याकडे होता. तो त्याने वापरला नाही.

काठी टेकत घरात गेला.

वहिनी शटरपाशी कधी आल्या ते कळलं नाही. त्यांनी वाकून गाडीखालचा चेंडू काढला, पदराला पुसला आणि त्याच्यामागे आत गेल्या.

१७ एप्रिल

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनींना म्हणालो, तर म्हणाल्या, "बोलत नाहीत म्हणजे काय? तसे तरी कुठे बोलतात?"

"पण आता बोलत नाही."

"हो. आता बोलत नाहीत."

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं, तर तुम्ही का नाही सांगितलंत त्याला?"

"मी सांगून काय झालं असतं? बायको नवऱ्याची बाजू घेते, झालं." त्यांनी कपबशा उचलल्या. "आणि तुमचं होतं ते. मी कशाला उचलू?"

गुंडाळी त्यांच्याबरोबर खाली पाठवली.

२६ एप्रिल

सगळ्या पट्ट्या कापून काढल्या आहेत. परत बसवायच्या, थोड्या थोड्या, आज या बाजूला, उद्या त्या. दारं जागेवर ठेवून. इंजिन काढायला रंगवाला येणार आहे. चासी सरळ होईल. दारं मात्र आता अपुरी आहेत. सरळ गाडीत ती वर उघडीच दिसणार.

खालून चेंडू पडल्याचा आवाज येतो. पडतो, थांबतो, परत पडतो.

५ मे

सकाळी पायाखाली ठोके पडले. काठीचे, छतावर. मला बोलवायची त्याची जुनी खूण, चासी कापल्यापासून पहिल्यांदा.

खाली गेलो. जेवणाच्या टेबलावर घोंगडी आणि घोंगडीवर रंगवाल्याकडून उतरवून घेतलेलं डावं दार. शेजारी पत्र्याची एक चिंचोळी पट्टी. त्याने ती डाव्या हाताने कापलेली असणार, कड वेडीवाकडी होती. गुंडाळी उघडी.

वहिनी म्हणाल्या, "दोन दिवस झाले कापतायत. मला पत्रा धरायला लावतात. माझ्याच्याने नाही होत बाई."

दादाने घासलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, मग पट्टीवर. मग लोखंडी ठोकळा उचलून माझ्यापुढे धरला. ठोकळा पत्र्यामागे धरायचा असतो. पुढून हातोडी, मागून ठोकळा, मधे पत्रा वळतो. पूर्वी हे दोन्ही तोच करायचा, एका हाताने एक.

मी धरला. त्याने उजवा हात उचलून पत्र्यावर ठेवला, वजनासारखा. डाव्या हातात हातोडी घेतली. पहिले घाव कुठेही पडले. एक टेबलावर पडला. वहिनी आत गेल्या. माझा ठोकळा सरकला की तो थांबायचा आणि ठोकळ्यावर दोनदा हलकं ठोकायचा, इथे, इथे. मी नीट धरायचो.

दुपारपर्यंत वीतभर कड दुमडली. मी बोट फिरवून पाहिलं. खवले लागत होते, पण एकसारखे नाहीत. काही खोल, काही उथळ. त्यानेही बोट फिरवलं. मग उजवा हात पत्र्यावरून काढला, त्याची मूठ उघडली आणि ती बोटंही कडेवरून फिरवून पाहिली.

घाव ठोकळ्यावर नेमके पडायला लागले होते, तेव्हा एक माझ्या अंगठ्यावर आला. डोळ्यांसमोर अंधारी आली. मी ठोकळा सोडला नाही.

दादाने हातोडी तशीच वर धरून माझ्याकडे पाहिलं.

"बरं?" म्हणाला.

"बरं," म्हणालो.

अंगठा काळानिळा झालाय, पेन धरवत नाही. नेम चुकला की लागला, ते मी विचारलं नाही. सकाळी परत बोलावलंय.